क्रोमच्या पार्टवर पावडर कोटिंग करायचंय? आधी क्रोम उतरवा

जुन्या बुलेटचा किंवा येझदीचा क्रोमचा हँडलबार. मधेमधे गंजाचे ठिपके आलेत, क्लॅम्पजवळ टवके उडालेत. तो काळा करून घ्यायचा म्हणून बहुतेक जण आहे तसा पिशवीत घालून पावडर कोटिंगवाल्याकडे नेतात. भट्टीतून निघतो तेव्हा तो अगदी नव्यासारखा दिसतो. पुढच्या पावसाळ्यात कडेला नख लावलं की काळा पापुद्रा केळीच्या सालीसारखा सुटून येतो आणि खाली क्रोम पहिल्यासारखंच चकचकीत असतं.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्यांमधली कोणती टाळता येईल आणि कोणती नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

पावडर पार्टवर बसते ती विजेच्या भाराने. क्रोममधून वीज चांगली वाहते, त्यामुळे पावडर झकास बसते आणि फसगत इथेच होते. भट्टीत ती वितळून तिचा पातळ, अखंड थर होतो. तो थर धातूला धरून राहतो तो दोन आधारांवर: एक म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, दुसरा म्हणजे फॉस्फेटचा थर. आपल्याकडे बहुतेक शॉपमध्ये ‘सेव्हन टँक’ असतो, म्हणजे तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन आणि अधल्यामधल्या धुण्या. पण फॉस्फेट तयार व्हायला लोखंडाशी (किंवा जस्ताशी) रासायनिक क्रिया व्हावी लागते. क्रोम आणि निकेल त्या टाकीत ढिम्म राहतात. सातही टाक्यांतून फिरून क्रोमचा पार्ट फक्त स्वच्छ होऊन बाहेर येतो. दुकानदाराने प्रक्रियेत काहीही चुकवलेलं नसतं, तरी काम टिकत नाही.

आपण ज्याला ‘क्रोम’ म्हणतो तो एकच थर नसतो. सगळ्यात वर क्रोम असतं, जेमतेम ०.२ ते ०.५ मायक्रॉन. त्याखाली साधारण १० ते ३० मायक्रॉन निकेल, आणि जस्ताच्या ओतीव पार्टवर त्याखाली तांब्याचाही थर. म्हणजे काम दोन भागांत पडतं: क्रोम उतरवायचं, आणि खालच्या निकेलची परीक्षा घ्यायची.

१. कोणता पार्ट द्यायचा, कोणता नाही

हँडलबार, मडगार्ड, लेग गार्ड, कॅरिअर, साइड स्टँड, स्पोक काढलेली लोखंडी रिम, खुर्च्या-टेबलांचे पाइप हे सगळे पावडर कोटिंगला योग्य. पुढचे मात्र पिशवीत घालूच नका:

- फोर्कचे पाइप आणि शॉकअॅब्सॉर्बरचे दांडे. यांच्यावर हार्ड क्रोम असतं. ते शोभेचं नसतं, ऑइल सील ज्यावर सरकतं तो पृष्ठभाग असतो. ते उतरवलं तर पार्ट वाया गेला.
- सायलेन्सर आणि बेंड पाइप. साधी पॉलिस्टर पावडर इंजिनजवळची उष्णता सोसत नाही. यासाठी सिलिकॉनवर आधारित हाय-टेम्परेचर कोटिंग वेगळं मिळतं.
- स्प्रिंगा, एक्सल, हाय-टेन्साइल बोल्ट. अॅसिडमध्ये कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस जोर आला की तुकडा पडतो.
- प्लॅस्टिकवर केलेलं क्रोम. भट्टी १८०–२०० अंशांची असते, त्यात प्लॅस्टिकचा लगदा होईल. इंडिकेटर आणि आरशाची घरं बहुधा प्लॅस्टिकची असतात.
- कथील-शिशाचा डाग (सोल्डरचा जोड) असलेला पार्ट. हा डाग १८३ अंशांपासूनच वितळायला लागतो. जुन्या दिव्यांचे भाग आणि दुरुस्त केलेल्या टाक्यांवर असे डाग सापडतात.

२. खालचा धातू ओळखा

अॅसिड चालेल की नाही हे खालच्या धातूवर ठरतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

आधी चुंबक लावा. घट्ट चिकटला तर लोखंड. अगदी हलकी ओढ जाणवली तर पितळेवर जाड निकेल असू शकतं, कारण निकेललाही चुंबक लागतो. अजिबात चिकटला नाही तर न दिसणाऱ्या जागी, क्लॅम्पच्या आत किंवा भोकाच्या कडेला, बारीक कानशीने दोन हात मारा. पिवळं दिसलं तर पितळ. पांढुरकं आणि हाताला हलकं असेल तर अॅल्युमिनियम. करडं, मऊ आणि आकाराच्या मानाने जड असेल तर जस्ताचं ओतकाम. मॅट करडा कीस न निघता स्वच्छ, कठीण चमक कायम राहिली तर पार्ट कदाचित स्टेनलेस स्टीलचा आहे आणि त्यावर क्रोम नाहीच. क्रोमची झाक निळसर असते, स्टेनलेसची आणि निकेलची किंचित पिवळसर. दोन्ही उन्हात शेजारी धरले की फरक लगेच कळतो.

जस्ताच्या ओतीव पार्टवर फोड किंवा खड्डे आले असतील तर माझं स्पष्ट मत आहे की त्यावर पावडर कोटिंग करू नका. खड्ड्यातून अॅसिड आत गेलं की ते जस्त खात सुटतं, आणि वाचलेल्या पार्टच्या छिद्रांमधून भट्टीत वायू बाहेर येऊन कोटिंगवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. असे पार्ट घासून, इपॉक्सी प्रायमर मारून टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) केलेले बरे.

३. काय काय लागेल

घरच्या कामासाठी: चुंबक, बारीक कानस, डिग्रीझर किंवा भांडी घासायचा लिक्विड साबण, नायलॉनचा ब्रश, ८० आणि १२० नंबरचा एमरी पेपर, रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद गॉगल, एन-९५ मास्क.

शॉपमध्ये नेताना: पार्टची यादी (नग मोजून), प्रत्येक पार्टचे मोबाइलवर काढलेले फोटो, कुठे पावडर नको त्याची खूण, रंगाचा आरएएल नंबर (रंगांच्या प्रमाणित यादीतला क्रमांक) आणि चमक. ‘काळा’ एवढंच सांगू नका. आरएएल ९००५ ग्लॉस, ९००५ मॅट आणि टेक्श्चर काळा हे तीन वेगळे काळे आहेत आणि दुकानात तिन्ही असतात.

४. सगळं सुटं करा आणि तेल-वॅक्स काढा

बेअरिंग, रबरी बुश, ग्रिप, नट-बोल्ट, स्टिकर सगळं काढा. पाइपच्या आतलं जुनं ग्रीस चिंधी तारेला गुंडाळून काढा. आत राहिलेलं ग्रीस भट्टीत पातळ होऊन भोकातून ओघळतं आणि बाहेरची वितळलेली पावडर खराब करतं.

क्रोमवर वर्षानुवर्षं पॉलिश मारलेलं असतं आणि त्यात बहुधा सिलिकॉन असतं. ते राहिलं तर अॅसिड ठिकठिकाणी लागत नाही आणि शेवटच्या कोटिंगवर माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. कोमट पाण्यात डिग्रीझर घालून दोनदा धुवा.

धुणं पुरेसं झालं का, ते पाण्यालाच विचारा. पार्ट उभा धरून वरून स्वच्छ पाणी सोडा आणि अर्धा मिनिट बघत राहा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर तेल गेलं. पाणी फाटून त्याचे थेंब झाले, तर जिथे फाटलं तिथे अजून तेल आहे. त्या जागी बोट न लावता पुन्हा धुवा, कारण बोटाचा ठसा हासुद्धा तेलाचाच थर.

५. क्रोम उतरवणं

हे काम प्लेटिंगवाल्याकडून करून घ्या. भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगची शॉप सापडतात. सांडपाण्यावर प्रक्रिया करायची सोय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेलं शॉप निवडा. पावडर कोटिंगवाला ‘आम्हीच घासून घेतो’ म्हणाला तरी स्ट्रिपिंग वेगळं करून घेण्याचा आग्रह धरा.

तिथे दोनपैकी एक पद्धत वापरतात.

पहिली हायड्रोक्लोरिक अॅसिडची. बाजारातलं अॅसिड साधारण ३०–३३ टक्के असतं, त्यात तेवढंच पाणी. आधी टबात पाणी, मग त्यात अॅसिड, उलटं कधीच नाही. पार्ट बुडवला की बुडबुडे सुटतात, पाणी हिरवट होत जातं आणि निळसर चमक जाऊन पिवळसर निकेल दिसू लागतं. बुडबुडे थांबले की क्रोम संपलं. एवढ्या पातळ थराला काही मिनिटं पुरतात. पुढे पार्ट आत ठेवला तर जिथे प्लेटिंग आधीच उडालंय तिथलं उघडं लोखंड अॅसिड खातं आणि खड्डे पडतात. ‘रात्रभर ठेवतो’ म्हणणाऱ्याला पार्ट देऊ नका.

दुसरी कास्टिक सोड्याची. कास्टिकच्या पाण्यात पार्टला पॉझिटिव्ह जोडून वीज सोडतात. यात उघड्या लोखंडाला धक्का लागत नाही, म्हणून गंजून पातळ झालेल्या मडगार्डसाठी ही पद्धत चांगली. अॅल्युमिनियम आणि जस्ताला मात्र कास्टिक खाऊन टाकतं.

बॅटरीचा चार्जर आणि बादली घेऊन हे घरी करता येतं असं दाखवणारे व्हिडिओ बरेच आहेत. कृपया करू नका. त्या बादलीत जे पिवळं पाणी तयार होतं ते हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं असतं. त्याने कर्करोग होतो, आणि ते मोरीत ओतलं की नाल्यात आणि विहिरीत पोहोचतं. अॅसिडचं हिरवं पाणीही क्रोमियम आणि निकेलचंच असतं. सोडा टाकून आम्लता मोडली तरी धातू पाण्यातून नाहीसे होत नाहीत, फक्त गाळात बसतात. हा गाळ घातक कचरा म्हणून रांजणगाव, तळोजा, बुटीबोरीसारख्या केंद्रांवर पाठवावा लागतो. बादलीभर पाण्यासाठी घरच्या माणसाला ती सोय नाही.

शिवाय एन-९५ मास्क धूळ अडवतो, अॅसिडची वाफ नाही. आणि ही वाफ शेजारी ठेवलेल्या पान्यांपासून सायकलीपर्यंत सगळ्यावर दोन दिवसांत तांबूस गंज चढवते.

पाइपसारख्या पोकळ पार्टबद्दल प्लेटिंगवाल्याला आवर्जून सांगा: टोकं रबरी बुचाने बंद करा, नाहीतर आत गेलेलं अॅसिड नीट धुऊन घ्या. हँडलबारच्या आत राहिलेलं अॅसिड बाहेरच्या कोटिंगला वर्षभरात काही करणार नाही, पण आतून पाइप खात राहील. काम झाल्यावर पार्ट धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून (लिटरला साधारण ५० ग्रॅम) आणि मग भरपूर साध्या पाण्यातून गेला पाहिजे. वेल्डच्या सांध्यांवर आणि दुमडलेल्या कडांवर पाण्याची धार जास्त वेळ धरायची.

६. निकेल ठेवायचं की काढायचं

खरा निर्णय इथेच आहे. यावर तुम्हाला दुकानागणिक वेगळं उत्तर मिळेल.

निकेल सगळीकडे घट्ट असेल तर ते ठेवलेलं चालतं. किंबहुना गंजापासून तेवढं जास्त संरक्षण मिळतं. मात्र ‘घट्ट’ आहे हे नजरेने ठरवू नका. टवका उडालेल्या जागेच्या कडेला कटरचं पातं आडवं घालून उचलून बघा. पापुद्रा पुढे सरकत सुटत गेला तर सगळं निकेल संशयास्पद. हातमोजे घालूनच बघा, कारण निकेलचा सुटा टवका ब्लेडइतका धारदार असतो आणि नखाखाली सहज शिरतो. दुसरी परीक्षा भट्टीची: पार्ट २०० अंशांवर अर्धा तास तापवला की सैल निकेल फोडासारखं फुगतं. हे आता फुगलेलं परवडलं, पावडर चढवल्यावर फुगलं तर सगळा खर्च पाण्यात.

फोड आले, पापुद्रे सुटले किंवा गंज निकेलखाली पसरलेला असेल, तर प्लेटिंगवाल्याला ‘निकेलसकट स्ट्रिपिंग’ सांगा. याला वेळ आणि पैसे जास्त लागतात. साध्या हायड्रोक्लोरिकने निकेल निघत नाही, वेगळी रसायनं लागतात. काही शॉप त्यासाठी सायनाइडयुक्त रसायन वापरतात, म्हणून याचा घरगुती उपाय शोधूच नका.

मधला मार्ग, म्हणजे सुटलेलं तेवढं निकेल काढून बाकीचं ठेवणं, लहान जागेपुरता चालतो. पण उरलेल्या निकेलची कड ८० आणि मग १२० नंबरच्या पेपरने उतरती करावी लागते. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. नाहीतर काळ्या ग्लॉसखाली ती कड नकाशावरच्या किनाऱ्यासारखी उठून दिसते. मॅट आणि टेक्श्चरमध्ये थोडं झाकलं जातं.

७. ब्लास्टिंग

ब्लास्टिंग म्हणजे हवेच्या दाबाने कठीण दाणे मारून पृष्ठभाग खरखरीत करणं. त्यासाठी ६० ते ८० नंबरचं अॅल्युमिनियम ऑक्साइड मागा. गार्नेटही चालतं. काचेचे मणी नकोत. ते पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत करतात, दात पाडत नाहीत. नदीची वाळू तर कोणीच वापरू नये: तिच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. शॉट ब्लास्टिंगच्या (पोलादी छर्रे मारणाऱ्या) मशिनमध्ये मडगार्ड टाकलं तर ते वाकडं होऊन निघतं.

जाड पाइपला ५–६ किलो प्रेशर ठीक. पातळ पत्र्याला अडीच-तीन किलो, नळी तिरकी आणि एका जागी थांबायचं नाही. निकेल ठेवलं असेल तर लक्ष द्या: ते चिवट असतं, ब्लास्टिंगला पटकन दाद देत नाही. काम झालं म्हणून हातात दिलेला पार्ट उजेडात फिरवून बघा. सगळीकडे सारखी, मेणबत्तीच्या मेणासारखी मंद करडी छटा हवी. कुठेही आरशासारखा ठिपका चमकला, तर पावडर तिथूनच सुटणार. तेवढ्यावर पुन्हा मारून घ्या.

इथून पुढे पार्टला उघड्या हाताने स्पर्श नाही. आणि घड्याळ सुरू झालं असं समजा. उघडं लोखंड चार तासांच्या आत पावडरखाली गेलं पाहिजे, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात तर त्याहून लवकर. म्हणून ब्लास्टिंग आणि कोटिंग एकाच छपराखाली असलेलं शॉप, चार पैसे जास्त घेणारं असलं तरी, फायद्याचं. उघडं लोखंड असेल तर ब्लास्टिंगनंतर फॉस्फेट करून घ्या आणि शेवटची धुणी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची असू द्या. बोअरच्या जड पाण्याचे क्षार पावडरखाली राहिले की पुढे तिथेच फोड येतात.

८. कोरडं भाजणं

पावडर मारण्याआधी पार्ट रिकामाच भट्टीत घालायचा: २१०–२२० अंश, अर्धा ते पाऊण तास. सांध्यात राहिलेलं पाणी, तेल, छिद्रांमधला वायू आत्ताच बाहेर पडू दे. गर्दीच्या शॉपमध्ये ही पायरी हमखास गाळतात, म्हणून चिठ्ठीवर लिहून द्या. भाजल्यावर कुठे तपकिरी ओघळ आला तर तिथे तेल उरलंय: पुसून, पुन्हा ब्लास्ट करून मगच पुढे जायचं. अॅल्युमिनियमच्या अलॉय व्हीलला मात्र एवढं तापवू नका, त्याची ताकद कमी होते.

९. मास्किंग आणि हूक

पावडरचा थर प्रत्येक बाजूने ६०–८० मायक्रॉन वाढतो. आटे, बेअरिंगची जागा, एक्सलचं भोक इथे तेवढ्यानेही अडतं. आट्यांना सिलिकॉनचे बुच, सपाट जागांना उष्णता सोसणारी हिरवी टेप. साधी मास्किंग टेप भट्टीत जळून चिकटून बसते. अर्थिंगची वायर जिथे बसते ती जागाही झाका.

हूक कुठे अडकवणार ते विचारा, तिथे कोटिंगची खूण राहते. हँडलबारला ग्रिपखालचं टोक बरं. हुकाचा स्पर्श उघड्या धातूला आणि हूक स्वतः स्वच्छ हवा. जुन्या पावडरचे थर चढलेल्या हुकामुळे अर्थिंग तुटतं आणि पावडर पातळ, ठिपकेदार बसते.

१०. पावडर आणि भट्टी

बाहेर उन्हात राहणाऱ्या पार्टला वरचा थर पॉलिस्टरचाच. इपॉक्सी गंजाला चांगलं अडवतं, पण उन्हाने त्यावर खडूसारखी भुकटी येते. समुद्राजवळ राहत असाल किंवा पार्ट आधीच गंजलेला असेल तर आत झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिस्टर घ्या. प्रायमर अर्धवटच भाजायचा, म्हणजे दोन थर एकमेकांना धरतात.

भाजण्याचं गणित पावडरच्या डब्यावर छापलेलं असतं, बहुतेकदा २०० अंशांना १० मिनिटं. ही वेळ पार्ट तेवढा तापल्यापासून मोजायची, भट्टीच्या काट्यावरून नाही. मडगार्डचा पत्रा लवकर तापतो, साइड स्टँडचं जाड लोखंड बरंच उशिरा. दोन्ही एकाच फेरीत घातले तर स्टँड कच्चा राहतो.

११. ताब्यात घेताना

शॉपमध्ये थर मोजायचं मीटर असेल तर तीन-चार ठिकाणी लावून बघायला सांगा. पाइपच्या आतल्या कोपऱ्यांत आणि वेल्डच्या बेचक्यांत विजेचा भार नीट पोहोचत नाही, थर तिथे पातळ असतो. उजेडात तिरकं धरून टाचणीची भोकं शोधा.

पकडीची खरी चाचणी पार्टवर करता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच त्याच पार्टचा किंवा तशाच क्रोमच्या पाइपचा कापलेला छोटा तुकडा सगळ्या पायऱ्यांतून सोबत पाठवा. त्यावर ब्लेडने २-२ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा धातूपर्यंत ओढा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पंचवीस चौकोनांपैकी एकही पट्टीवर येता कामा नये. आला तर मूळ पार्ट दुकानातून न हलवता तुकडा समोर ठेवून बोला. पट्टीवर आलेल्या पावडरची मागची बाजू गुळगुळीत आणि चमकदार असेल तर ब्लास्टिंग कमी पडलंय. तिला पांढुरका धातूचा पापुद्रा चिकटून आला असेल तर निकेलच सैल होतं आणि काम सहाव्या पायरीपासून पुन्हा करावं लागेल.